स्थानिक कायद्याच्या आडोशाला

एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने बाळांच्या आहाराबद्दल एक अहवाल प्रसिद्ध केला. नेस्ले ही स्वित्झर्लंडची कंपनी. उष्टावण झालं की आपल्याकडच्या असंख्य घरांत तिच्या सेरेलॅकचा डबा येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमधून बाळाच्या दर वाटीत सरासरी जवळपास तीन ग्रॅम वरून घातलेली साखर जाते, असं या अहवालात म्हटलं होतं. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये मात्र याच कंपनीचं सहा महिन्यांच्या बाळांसाठीचं गव्हाचं खाणं वरून साखर न घालता विकलं जात होतं. तीन ग्रॅम म्हणजे चहाचा पाऊण चमचा. मोठ्या माणसाला ती जाणवणारही नाही, पण ज्या जिभेला अजून कशाचीच चव ठाऊक नाही, तिला गोडाची सवय लावायला ती पुरते. कंपनीने उत्तर दिलं की ती प्रत्येक देशातले स्थानिक नियम पाळते आणि भारतात गेल्या पाच वर्षांत तिने ही साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. कायद्याच्या दृष्टीने या उत्तरात खोट काढता येत नाही, कारण भारतीय नियमांत अशी साखर घालायला मुभा होती. त्याच वर्षी पुढे कंपनीने भारतासाठी रिफाइंड साखर नसलेले प्रकारही जाहीर केले. तसं खाणं बनवता येत होतंच. फक्त आपल्याकडे त्याची कुणी सक्ती केली नव्हती.

‘आम्ही स्थानिक कायद्याचं पालन करतो’ हे वाक्य बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या निवेदनांत इतक्या वेळा येतं की ते आपण वाचून सोडून देतो. पण या कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचं सगळं कोडं याच वाक्यात आहे. चांगली कंपनी जिथे जाईल तिथे चांगली वागेल आणि वाईट कंपनी सगळीकडे वाईट, असं आपण सहसा धरून चालतो. जबाबदारी हा जणू कंपनीचा स्वभाव. गेल्या चाळीस वर्षांतला पुरावा वेगळं सांगतो. एकच कंपनी, तेच संचालक, तीच आचारसंहिता, आणि तरीही एका देशात वागणं एक आणि दुसऱ्या देशात दुसरंच. जबाबदारीची पातळी ठरते ती दोन देशांच्या कायद्यांमधल्या, मजुरीमधल्या आणि माणसांच्या ताकदीमधल्या अंतरावर. हे अंतर कंपनीला दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं. नफा ते सहज ओलांडतो, दायित्व मात्र अलीकडच्या काठावरच अडकतं. ते अंतर ओलांडणारा एखादा दोर कुणी बांधला, मग तो बंधनकारक करार असो, मायदेशातला खटला असो किंवा पुरवठादारांची जाहीर यादी असो, की मगच आचारसंहितेतले शब्द कारखान्याच्या जमिनीवर उतरतात.

हा दोर नसतो तेव्हा काय होतं, ते भोपाळने दाखवलं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. ज्या टाकीतून तो सुटला ती थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. हाच वायू याच कंपनीच्या अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कारखान्यातही तयार होत असे. भारतीय कंपनीत अमेरिकी मूळ कंपनीचा ५०.९ टक्के वाटा होता, म्हणजे मालकी स्पष्ट होती. तरी कंपनीने न्यायालयात बाजू मांडली ती अशी की भोपाळचा कारखाना भारतीयांनी उभारलेला आणि भारतीयांनीच चालवलेला आहे, साक्षीदार आणि कागदपत्रं तिकडे आहेत, तेव्हा खटलाही तिकडेच चालावा. भारत सरकारने १९८५ मध्ये खास कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला होता. ते सरकार न्यूयॉर्कच्या न्यायालयात सांगत होतं की आमची न्यायव्यवस्था एवढा मोठा दावा पेलू शकणार नाही, तुम्हीच ऐका. मे १९८६ मध्ये न्यायाधीश जॉन कीनन यांनी खटला भारतात पाठवला. भारतीय न्यायालयांवर अविश्वास दाखवणं हा साम्राज्यवादाचाच प्रकार ठरेल, अशा आशयाचं कारण त्यांनी दिलं. सार्वभौमत्वाचा मान राखणारा हा निकाल कंपनीच्या मात्र चांगलाच पथ्यावर पडला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांची संख्या पुढे साडेपाच लाखांच्या वर गेली आणि बहुतेक जखमींच्या हाती मूळ भरपाई म्हणून पडले जेमतेम २५,००० रुपये. ती रक्कम वाढवून मागणारी केंद्राची शेवटची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

भोपाळ हा अपघात होता, अपवाद होता, असं म्हणणाऱ्यांनी कोडाईकनालकडे पाहावं. तिथे कुठलाच स्फोट झाला नाही, सगळं संथपणे घडलं. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनमध्ये तापमापकं बनवण्याचा एक कारखाना होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तिथून उचलून तामिळनाडूतल्या या थंड हवेच्या ठिकाणी, जंगलाच्या कडेला आणला गेला. १९८७ मध्ये युनिलिव्हरने त्याची मूळ कंपनी विकत घेतली आणि कारखाना हिंदुस्थान लिव्हरकडे आला. तापमापकात भरायचा पारा कामगार हाताळत होते, आणि पारा लागलेली फुटकी काच कारखान्यातून भंगारात जात होती. २००१ मध्ये गावातल्या भंगारवाल्याकडे अशा काचेचा कित्येक टनांचा ढीग सापडला तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि कारखाना बंद झाला. कामगारांच्या प्रकृतीला अपाय झाल्याचं कंपनीने कधी मान्य केलं नाही. मात्र २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तिने मानवतेच्या भूमिकेतून तडजोड केली. यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. २००३ मध्ये कारखान्यातला सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेत पाठवला गेला, कारण तो सुरक्षितपणे हाताळण्याची सोय तिथे होती. यंत्रं इकडे आली तेव्हा ती सोय त्यांच्याबरोबर आली नव्हती.

भोपाळ आणि कोडाईकनाल इथे निदान मालकी तरी होती. १९९० नंतर कपडे, बूट, खेळणी अशा धंद्यांत कंपन्यांनी कारखान्यांची मालकीच सोडून दिली. कारखाना दुसऱ्याचा, कामगार दुसऱ्याचे. आपलं काय, तर नमुना, नाव आणि ऑर्डर. त्याच काळात सामाजिक जबाबदारीचे विभाग, आचारसंहिता आणि तपासणीसांच्या भेटीही वाढत गेल्या, हा योगायोग म्हणता येत नाही. मालकी गेल्यावर कायद्याने लागू होणारी जबाबदारीही गेली, आणि ती मोकळी झालेली जागा स्वेच्छेच्या वचनांनी भरली गेली. या वचनांची किंमत २०१२ मध्ये कराचीत कळली. तिथल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला कामगारहिताचं नावाजलेलं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि २५० हून अधिक माणसं मेली.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला, ढाक्याजवळ सावरमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. वरच्या पाच शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं गेलं. वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि इमारत बसली. १,१०० हून अधिक माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. इमारतीतल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी आधी झालेली होती, पण इमारत उभी राहील का हा प्रश्न त्या तपासणीच्या तक्त्यात नव्हताच. नंतर एक विलक्षण काम सुरू झालं. कुठल्या कंपन्यांचा माल इथे शिवला जात होता, ते कुणी सांगेना. मग कार्यकर्ते आणि पत्रकार ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं गोळा करू लागले. गळ्यामागे शिवायची ती बोटभर कापडी पट्टी. दुकानात ती विश्वासाची खूण असते. सावरमध्ये तीच एका युरोपीय नावाला आणि त्या इमारतीला जोडणारा पुरावा ठरली. सामाजिक जबाबदारीची पानंच्या पानं छापून झाल्यानंतरही कोण कुणासाठी शिवतं हे कळायला ढिगारा उपसावा लागला, यावरून तोवरच्या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा होते.

यानंतर मे २०१३ मध्ये जो करार झाला, त्याला बांगलादेशात आणि जगभर ‘अकॉर्ड’ म्हणतात. पुढे त्यावर दोनशेहून अधिक ब्रँडनी सह्या केल्या. त्याचं वेगळेपण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे तो कामगार संघटनांबरोबर केलेला करार होता, कंपनीने एकटीने लिहिलेली संहिता नव्हती. दुसरं म्हणजे तो मोडला तर लवादाकडे जाता येत होतं, आणि लवादाचा निर्णय कंपनीच्या मायदेशातल्या न्यायालयात अंमलात आणता येत होता. ढाक्यातला भंगलेला खांब आता थेट स्टॉकहोम किंवा लंडनमधल्या न्यायालयाशी जोडला गेला. अभियंते सोळाशेहून अधिक कारखान्यांत गेले. त्यांना जास्तीचं ओझं पेलणारे खांब दिसले, उघड्या वायरी दिसल्या, आणि जिन्याच्या तोंडाशी कुलूप लावायची सोय असलेली सरकती जाळीची दारं दिसली. आपल्याकडच्या जुन्या गाळ्यांना असतात तशीच. आग लागली की अशी जाळी धूर अडवत नाही, माणसं मात्र अडवते. तिथे धूर रोखणारी, आतून ढकलताच उघडणारी दारं बसवायला लावली गेली. प्रत्येक तपासणीचा अहवाल जाहीर होऊ लागला. दुरुस्ती नाकारणाऱ्या कारखान्याला कुणाही सहीकर्त्या ब्रँडकडून काम मिळेनासं झालं. काही वर्षांत सुरुवातीला नोंदलेल्या धोक्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दूर झाले. लवादाची तरतूद कागदावरच राहिली नाही, हेही महत्त्वाचं. कामगार संघटनांनी दोन ब्रँडविरुद्ध दावे नेले आणि एकाशी जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलरवर तडजोड झाली.

अकॉर्डवर सही करणारे बहुतेक युरोपीय होते. वॉलमार्ट आणि गॅप यांनी इतर अमेरिकी कंपन्यांबरोबर ‘अलायन्स’ नावाची वेगळी व्यवस्था उभी केली. तिच्यात कामगार संघटनांची बरोबरीची भागीदारी नव्हती आणि तसं लवादाचं बंधनही नव्हतं. याचं एक कारण अमेरिकेत आहे: तिथे एखादं वचन लेखी दिलं की त्यावरून मोठे दावे उभे राहण्याची धास्ती कंपन्यांच्या वकिलांना कायम असते. युरोपात संघटनांशी बसून करार करण्याची जुनी रीत आहे. डर्क मॅटन आणि जेरेमी मून या अभ्यासकांनी २००८ मध्येच हा फरक मांडला होता. युरोपात कंपनीची जबाबदारी कायद्यांत आणि करारांत मुरलेली असते, अमेरिकेत ती कंपनी स्वतः जाहीर करते. म्हणजे बांगलादेशातल्या कामगाराच्या जिन्याला दार कुठलं बसणार, हे अंशतः खरेदीदाराच्या मायदेशातल्या सवयींनी ठरत होतं.

या सगळ्यावर एक आक्षेप विकसनशील देशांतूनच येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. श्रीमंत देशांनी शंभर वर्षं काळा धूर सोडून, लहान मुलांना राबवून संपत्ती जमवली. आता आमच्या स्वस्त मजुरीचा एकमेव फायदा ते मानकांच्या नावाने काढून घेत आहेत. १९९६ च्या सिंगापूरच्या जागतिक व्यापार परिषदेत भारतासह अनेक देशांनी कामगार मानकं व्यापाराला जोडायला विरोध केला आणि तो मान्य झाला. मजुरीपुरता हा आक्षेप मला बराचसा पटतो. ढाक्यात स्टॉकहोमची मजुरी द्या असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण जिन्याच्या दाराचं, पाऱ्याच्या वाफेचं आणि बाळाच्या वाटीतल्या साखरेचं तसं नाही. पारा वॉटरटाउनच्या मज्जासंस्थेवर जे करतो तेच कोडाईकनालच्या मज्जासंस्थेवर करतो, तिथे देशाचं दरडोई उत्पन्न आड येत नाही. शिवाय स्थानिक कायदा म्हणजे नेहमीच स्थानिक लोकांची इच्छा असते, असंही नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत कायदा पाळायचा तर काळ्या आणि गोऱ्या कामगारांची उपाहारगृहं वेगळी ठेवायची. १९७७ मध्ये जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावरचे लिऑन सलिव्हन यांनी अमेरिकी कंपन्यांसाठी तत्त्वं मांडली, त्यांतलं पहिलंच अशा विभागणीविरुद्ध होतं. दहा वर्षांनी तेवढं पुरत नाही असं सांगून त्यांनीच कंपन्यांना तो देश सोडायला सांगितलं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: फार अटी घातल्या तर खरेदीदार व्हिएतनामला किंवा इथिओपियाला जाईल आणि गरिबाची नोकरी जाईल. बांगलादेशचा अनुभव याला दुजोरा देत नाही. २०१२-१३ मध्ये त्या देशाची तयार कपड्यांची निर्यात सुमारे २१ अब्ज डॉलर होती, २०१८-१९ मध्ये ती सुमारे ३४ अब्जांवर गेली, आणि हीच कडक तपासणीची वर्षं होती. यावरून अकॉर्डमुळे निर्यात वाढली असं म्हणणं आततायीपणाचं होईल. पण ती बुडाली नाही, एवढं नक्की. एकाच वेळी दोनशे ब्रँडवर तीच अट असली की त्या अटीतून कुणालाच वेगळा तोटा होत नाही, आणि एकट्या सज्जन कंपनीला जे परवडत नाही ते सगळ्यांना मिळून परवडतं.

तरीही मजुरीच्या बाबतीत हा दोर फार आखूड पडला. बांगलादेशातल्या कपडे कामगाराची किमान मजुरी डिसेंबर २०१३ मध्ये महिना ५,३०० टाका झाली, २०१८ मध्ये ८,००० आणि २०२३ च्या अखेरीस १२,५००. कामगार मागत होते २३,०००, आणि त्या आंदोलनात काहींचा जीव गेला. दार बसवण्याचा खर्च एकदाच होतो, मजुरी दर शर्टामागे द्यावी लागते. आणि दर शर्टामागचं हे अंतर हेच तर कंपनी त्या देशात येण्याचं मूळ कारण. मार्च २०२० मध्ये युरोप-अमेरिकेतली दुकानं बंद झाली तेव्हा हे आणखी उघड झालं. काही आठवड्यांत बांगलादेशातल्या कारखान्यांच्या तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डर रद्द झाल्या किंवा थांबवल्या गेल्या, त्यांत शिवून तयार झालेला मालही होता. पुरवठादाराने काय करावं याची तपशीलवार कलमं संहितांमध्ये होती. खरेदीदाराने ऑर्डर कशी मोडू नये याबद्दल त्या गप्प होत्या. जबाबदारी खालच्या दिशेने सांगितली जाते आणि किंमत वरून ठरते, ही या व्यवस्थेतली सगळ्यांत मोठी गाठ आहे, आणि कुठल्याही तपासणीने ती सुटणारी नाही.

म्हणूनच गेल्या दहा वर्षांत झगडा मायदेशातल्या न्यायालयांकडे आणि संसदांकडे वळला. कराचीच्या आगीतल्या पीडितांनी किक या जर्मन खरेदीदाराविरुद्ध डॉर्टमुंडमध्ये दावा लावला. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला, कारण पाकिस्तानी कायद्यानुसार मुदत संपली होती. पण त्या दाव्याने जर्मनीत उठलेली चर्चा संपली नाही, आणि २०२१ मध्ये तिथे पुरवठा साखळीचा कायदा मंजूर झाला. फ्रान्सने मोठ्या कंपन्यांवर आपल्या उपकंपन्या आणि पुरवठादारांबाबत दक्षता घेण्याचं बंधन २०१७ मध्येच घातलं होतं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये असाच कायदा केला आणि कंपन्यांचा दबाव येताच २०२५ मध्ये त्याची धार कमी करायला सुरुवातही केली. लंडनमध्ये तर एप्रिल २०१९ मध्ये भोपाळच्या अगदी उलटा निकाल लागला. झांबियातल्या चिंगोलाजवळच्या १,८२६ गावकऱ्यांचं म्हणणं होतं की तांब्याच्या खाणीतलं विषारी पाणी त्यांच्या ओढ्यांत आणि शेतांत येतं. कंपनीने पुन्हा तेच सांगितलं की खाण उपकंपनीची आहे, खटला तिकडे चालवा. तिथे या गावकऱ्यांना वकील आणि पैसा मिळून खरा न्याय मिळण्याची शक्यता नाही, आणि मूळ कंपनीने उपकंपनीच्या कामावर देखरेख असल्याचं स्वतःच जाहीर केलं आहे, हे पाहून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा लंडनमध्ये चालू दिला. सामाजिक जबाबदारीच्या अहवालांत मिरवलेली देखरेख न्यायालयात कंपनीच्याच अंगाशी आली.

ती कंपनी होती वेदांत, मुंबईत भंगाराच्या व्यापारातून वर आलेल्या भारतीय उद्योजकाची. हा तपशील आपल्याला अवघड जागी नेतो, कारण भोपाळपासून आपण स्वतःला नेहमी पीडितांच्या बाजूला पाहत आलो आहोत. आता भारतीय कंपन्यांच्या खाणी आणि कारखाने आफ्रिकेत आहेत, इंडोनेशियात आणि ऑस्ट्रेलियात आहेत. आपला २०१३ चा कंपनी कायदा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावतो. त्यातून शाळांच्या खोल्या, शौचालयं, दवाखाने उभे राहिले, ते चांगलंच झालं. पण कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायातली कामं या खर्चात धरली जात नाहीत, आणि देशाबाहेर केलेलं कामही धरलं जात नाही, अपवाद फक्त भारतीय खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. सेबीने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदार व्यवहाराचा अहवाल देणं सक्तीचं केलं आहे, पण तो माहिती देण्यापुरता. फ्रान्स-जर्मनीसारखा दक्षतेचा कायदा भारतात नाही. उद्या एखाद्या भारतीय खाणीखालचं ओढ्याकाठचं गाव आपल्याकडे दाद मागायला आलं, तर १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये युनियन कार्बाइडने वाचून दाखवलेला युक्तिवाद इथले वकील आपल्याच न्यायालयात वाचून दाखवू शकतील: कारखाना तिकडचा, माणसं तिकडची, कायदा तिकडचा.